फ्रीजमधलं औषध घेऊन क्रूझला: गावच्या उंबरठ्यापासून जहाजाच्या केबिनपर्यंत

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा क्रूझ निघू लागल्यापासून आमच्या यवतमाळकडच्या गावांतूनही लोक समुद्र पाहायला निघालेत. निवृत्त मास्तरांचे गट असतात, भिशीचे पैसे जमवून निघालेल्या बायका असतात, मुलाने आईबाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेलं तिकीट असतं. साठीच्या आसपासची मंडळी म्हटली की कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत इन्सुलिन असणारच. माझं मेडिकल बसस्टँडसमोर आहे, त्यामुळे सहलीचं ठरलं की पहिला प्रश्न माझ्या काउंटरवर येतो: "जहाजात फ्रीज रायते काय भाऊ?"

राहतो. खरं सांगायचं तर जहाज हा या प्रवासातला सगळ्यात सोपा टप्पा आहे. एसी केबिन, चोवीस तास वीज, वर दवाखाना आणि डॉक्टर. औषध बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी: घरच्या फ्रीजच्या चुकीच्या कप्प्यात, एसटीच्या तापलेल्या टपाखाली, धामणगाव स्टेशनवर गाडी दोन तास लेट असताना. म्हणून सुरुवात घरापासून करू.

आधी आकडा ठरवा: दोन ते आठ, की तीसच्या खाली?

औषधाच्या खोक्यावर आणि आतल्या घडी केलेल्या चिठ्ठीवर साठवणुकीच्या दोन वेगळ्या सूचना असतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. एकदा वापरात घेतलं, म्हणजे शीशीत सुई गेली किंवा कार्ट्रिज (औषधाची छोटी नळी) इन्सुलिनच्या पेनात बसली, की बहुतेक इन्सुलिन फ्रीजबाहेर ठरावीक दिवस चालतं, फक्त तापमान २५ किंवा ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ग्लार्जिन, लिस्प्रो, अस्पार्ट या प्रकारांची इन्सुलिन साधारण २८ दिवस. डेग्लुडेक आठ आठवडे. ३०/७० मिक्सचे दिवस ब्रँडप्रमाणे बदलतात, ते चिठ्ठीत बघा. चिठ्ठी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. वाचता येत नसेल तर तुमच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या आणि दोन ओळी मराठीत खोक्यावर लिहून घ्या. तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

आता हिशोब करा. आपल्याकडच्या १० मिलीच्या शीशीत ४० युनिट प्रति मिली प्रमाणे ४०० युनिट असतात. रोज ३० युनिट लागत असतील तर एक शीशी तेरा दिवस पुरते. पेनाच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट प्रति मिली प्रमाणे ३०० युनिट, म्हणजे दहा दिवस. चार-पाच दिवसांची क्रूझ, जाण्यायेण्याचे दोन-तीन दिवस. एवढ्या काळात तुम्ही जे वापरणार ते बहुधा वापरात असलेलंच इन्सुलिन आहे. त्याला फ्रीज लागतच नाही, उन्हापासून राखायला लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी धावपळ कमी होते.

फ्रीजची गरज उरते ती जादा घेतलेल्या सीलबंद शीशीला. आणि काही वेगळ्या औषधांना: किडनीच्या रुग्णांचं एरिथ्रोपोएटिन, हाडांच्या ठिसूळपणासाठीचं टेरिपॅराटाइड, संधिवाताचं अडालिमुमॅब, काचबिंदूच्या लॅटानोप्रोस्ट थेंबांची न फोडलेली बाटली. यातली काही थोडे दिवस बाहेर चालतात, काही अजिबात चालत नाहीत. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावू नका. इंजेक्शन आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "निघायच्या आधी किंवा परत आल्यावर घेतलं तर चालेल का?" ते हो म्हणाले तर औषध घरीच राहील आणि डबा, बर्फ, फ्रीज सगळं सुटेल.

बुकिंगच्या वेळीच विचारायचं

आपल्याकडचे लोक बहुधा नागपूर किंवा अमरावतीच्या एजंटकडून बुकिंग करतात. एजंट म्हणतो, "सगळं असतं सर, काळजी करू नका." तेवढ्यावर थांबू नका. त्याला क्रूझ कंपनीला मेल करायला लावा आणि उत्तर तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. विचारायचं ते असं: केबिनमध्ये फ्रीज आहे का, आणि तो खरा फ्रीज आहे की फक्त पेयं गार ठेवणारा कूलर? जहाजावरच्या दवाखान्यात औषध ठेवून घेतात का, आणि ते घ्यायला कोणत्या वेळेत जायचं? वापरलेल्या सुयांसाठी डबा मिळतो का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये जो छोटा फ्रीज असतो, तो कोल्ड्रिंक थंड ठेवण्यापुरता असतो. आत १०-१२ अंश किंवा त्याहूनही जास्त असू शकतात. वापरातल्या इन्सुलिनला तो उत्तम. पण २ ते ८ अंशच हवेत अशा औषधासाठी दवाखान्यातला फ्रीज मागायचा.

घरून छोटा इलेक्ट्रिक कूलिंग बॉक्स न्यायचा बेत असेल तर तोही आधी विचारून घ्या. आगीच्या भीतीने जहाजांवर प्रवाशांच्या विजेच्या वस्तूंवर बरीच बंधनं असतात. इस्त्री, किटली वगैरे तर काढूनच घेतात.

डॉक्टरांची चिठ्ठी

इंग्रजीत, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. औषधाचं मूळ नाव, डोस, दिवसातून किती वेळा, सोबत सुया आणि सिरिंज आहेत, औषध थंड ठेवावं लागतं, एवढं पुरे. ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दिलेलीही चालते. चिठ्ठीवरचं नाव आणि आधारकार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे कागदावर 'बबनराव' आणि आधारवर वेगळंच काहीतरी, असं सर्रास असतं. मेडिकलचं बिल सोबत ठेवा आणि सगळ्याचा फोटो मोबाईलमध्ये. तपासणीच्या एक्स-रे मशीनमधून इन्सुलिन गेलं तर काही होत नाही, त्यावर हुज्जत घालू नका.

घरचा फ्रीज तपासा

गावाकडे बहुतेकांकडे एका दाराचा फ्रीज असतो. वर बर्फाचा कप्पा, त्याच्या लगेच खाली सरकता ट्रे. लोक इन्सुलिन नेमकं त्या ट्रेमध्ये ठेवतात, कारण तिथे 'चांगलं गार' असतं. तिथे औषध गोठतं. विशेषतः लाईट बराच वेळ जाऊन आल्यावर, फ्रीज जोरात चालतो तेव्हा. दाराचा कप्पाही नको, दार उघडलं की तिथे सगळ्यात आधी गरम हवा लागते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डबीत. निघायच्या आधी एका रात्री त्या जागी पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवा आणि सकाळी वाचा. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो, पुढे प्रवासातही तोच कामाला येतो.

गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा पहिल्यासारखं दिसलं तरी फेकून द्यायचं. उन्हाने इन्सुलिनची ताकद हळूहळू उतरते, गोठल्याने ते एका रात्रीत जातं. आमच्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला पंचेचाळिशी ओलांडतात, त्यामुळे लोकांच्या मनात भीती फक्त उन्हाची. काउंटरवर रोज ऐकतो, "बर्फ जास्त टाका न भाऊ, उन्हाचं काई खरं नाई." आणि मग उन्हातून वाचवलेलं औषध बर्फात मरतं.

डबा भरायचा कसा

उपकेंद्रातल्या नर्सताई लसीकरणाच्या दिवशी लसींचा डबा भरतात ते एकदा जवळून बघा. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक त्या लगेच डब्यात ठेवत नाहीत. टेबलावर ओळीने मांडतात. थोड्या वेळाने त्याच्यावरचं पांढरं दव जातं आणि पाण्याचे थेंब येतात. मग एकेक पॅक उचलून कानाशी धरतात आणि हलवतात. आत पाणी खळखळलं की तो पॅक डब्यात. कारण फ्रीजरमधून नुकता काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो आणि त्याला टेकलेली लस गोठते. आत थोडं पाणी झालं की तो शून्याच्या आसपास येतो. डीपीटी, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी गोठल्या की बाद होतात, म्हणून ही शिस्त. इन्सुलिनलाही तोच नियम लागू.

तुम्हाला लसीचा डबा लागणार नाही. तुमच्या मेडिकलवाल्याकडे होलसेलरकडून इन्सुलिन ज्या थर्माकोलच्या खोक्यात येतं, ते खोकं मागा, सोबत जेल पॅकही मागा. आम्हाला ती ठेवायला जागा नसते, आनंदाने देतो. जेल पॅक खळखळत नाही, तेव्हा तो अंगठ्याने दाबून बघा: बाहेर ओल आली आणि अंगठा आत रुतला की तयार. जेल पॅक नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवा, पूर्ण भरू नका, फुटते. ती खळखळेपर्यंत थांबा.

भरताना क्रम असा ठेवा. तळाला आणि दोन बाजूंना पॅक. त्यावर दोन घड्यांचा सुती दुपट्टा. मध्ये औषध, त्याच्या मूळ खोक्यात आणि झाकणाच्या डबीत, म्हणजे ओल लागणार नाही. थर्मामीटरचा प्रोब डबीला लागून, वाचायचा भाग खोक्याबाहेर, म्हणजे झाकण न उघडता आकडा दिसतो. उरलेली पोकळी वर्तमानपत्राने भरा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. चकतीसारखा सुका बर्फ म्हणजे ड्राय आइस कुठून मिळाला तरी वापरू नका, तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा असतो.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी रंगीत तालीम करा. औषधाच्या जागी पाणी भरलेली रिकामी शीशी ठेवून डबा भरा, ओसरीवर ठेवा आणि दर तीन-चार तासांनी आकडा लिहून काढा. तुमचा डबा किती तास टिकतो हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. खोक्याची जाडी, पॅकचं वजन आणि बाहेरचं ऊन, तिन्हींवर ते अवलंबून असतं.

वापरातल्या पेनासाठी एवढा खटाटोप नको. बाजारात पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात. आतले स्फटिक पाणी पिऊन फुगतात आणि पाणी उडत राहतं तशी आतली वस्तू गार राहते. आपल्या कूलरच्या ताट्या आणि माठ चालतात ते याच तत्त्वावर. विदर्भाच्या कोरड्या उन्हात ही पिशवी मस्त काम करते, पण तिला वारा लागला पाहिजे. बॅगेत कोंबली की संपलं.

माठाचंच निघालं म्हणून सांगतो. फ्रीज नसलेल्या घरात, किंवा लाईट गेल्यावर, मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात डबीतलं इन्सुलिन आणि वर ओलं फडकं, हा उपाय उन्हाळ्यात खरोखर उपयोगी आहे. बाहेरच्यापेक्षा आत दहा-एक अंश सहज कमी असतात. पावसाळ्यात मात्र यावर विसंबू नका, हवा दमट झाली की पाणी उडत नाही.

गावातून मुंबईपर्यंत

वेळ शक्यतो अशी निवडा की दुपारी बारा ते चार रस्त्यावर असणार नाही. सहल नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात येत असेल आणि तारीख बदलता येत असेल तर बदला. एसटीत डबा मांडीवर किंवा पायाशी, सावलीच्या बाजूला. वरच्या रॅकवर नको, तिथे टपाचा ताप थेट येतो. डिक्कीत तर मुळीच नको. खासगी गाडीने स्टेशनवर जात असाल तर चहाला उतरताना डबा सोबत उतरवा. उन्हात बंद उभ्या गाडीतली हवा अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते, डॅशबोर्डवर तर हात ठेवता येत नाही.

यवतमाळकडचे धामणगावला गाडी धरतात, वाशीमकडचे अकोल्याला, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे वर्धा-नागपूरला. विदर्भ एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि मुंबई बंदरातलं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने जवळ आहे, त्यामुळे ती सोयीची. थोडे पैसे जास्त गेले तरी एसीचं तिकीट काढा. औषधाच्या दृष्टीने तो खर्च वाया जात नाही. वापरातलं पेन रात्रभर एसी डब्यात अगदी निवांत राहतं. स्लीपरने जाणार असाल तर खिडकीपासून लांब, आतल्या बाजूला. बॅग उशाशी घेऊन झोपा. चोराला इन्सुलिन नको असतं, पण तो बॅग उघडून बघत नाही. समृद्धी महामार्गाने ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांनी ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी औषधाची बॅग खाली सामानात टाकू द्यायची नाही.

रस्त्यात पॅक वितळले आणि आकडा चढू लागला तर सुटा बर्फ शोधत फिरू नका. स्टॉलवरच्या फ्रीजमधून निघालेल्या गार पाण्याच्या दोन बंद बाटल्या घ्या, पुसा आणि डब्यात औषधाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. गोठण्याची भीती नाही, गळती नाही, प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मिळतात आणि गरम झाल्या की पिऊन टाकता येतात. या एका युक्तीवर मी बर्फाच्या पिशवीपेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

मुंबईतले मधले तास

गाडी सकाळी पोहोचते आणि जहाजावर चढायची वेळ बहुधा दुपारची असते. हे मधले तास लोक विसरतात. नातेवाइकांकडे जाणार असाल तर पॅक त्यांच्या फ्रीजरमध्ये टाका. औषध कुठे ठेवायचं ते मात्र स्वतः उभं राहून सांगा, नाहीतर वहिनी प्रेमाने तेही फ्रीजरमध्येच ठेवतील. नातेवाईक नसतील तर स्टेशनच्या एसी प्रतीक्षालयात बसा. मुंबईत पारा ३३-३४ दाखवतो म्हणून आपल्याला हायसं वाटतं, पण हवा दमट असल्यामुळे भिजवायची पिशवी इथे ढिली पडते. इथून पुढे समुद्रावरही तेच. त्या पिशवीचं काम विदर्भ सोडला की जवळजवळ संपतं. पुढे एसी आणि फ्रीज.

टर्मिनल आणि जहाज

टर्मिनलवर मोठं सामान काढून घेतात आणि ते काही तासांनी केबिनच्या दाराशी येतं. औषध, सुया, ग्लुकोमीटर आणि चिठ्ठी त्या सामानात जाता कामा नये. हातातल्या बॅगेत ठेवा. तपासणीत सुया दिसल्या की विचारतात, चिठ्ठी दाखवली की विषय संपतो.

केबिनमध्ये पोहोचल्यावर आधी फ्रीज उघडून हात घालून बघा, तो चालू आहे का. काही ठिकाणी दाराचं कार्ड खाचेतून काढलं की खोलीतली काही वीज बंद होते, त्यात फ्रीजही असू शकतो. थर्मामीटर आत ठेवून तासाभराने वाचा, मग एकदा कार्ड काढून बाहेर फेरी मारून या आणि पुन्हा वाचा. आकडा २ ते ८ मध्ये राहिला तर प्रश्नच नाही. वर गेला तर सीलबंद औषध दवाखान्यात नेऊन द्या, त्यावर नाव, केबिन नंबर आणि औषधाचं नाव लिहून. वापरातलं पेन केबिनमध्येच टेबलावर ठेवा, खिडकीतून ऊन येतं त्या बाजूला नको.

केबिनची साफसफाई करणाऱ्या स्टुअर्डला हसून सांगून ठेवा की फ्रीजमध्ये औषध आहे, काढू नका, बंद करू नका. फ्रीजवर इंग्रजीत एक चिठ्ठी चिकटवा. बर्फ मागितला की तो आणून देतो, पण वाटीभर बर्फात पेन खोचून ठेवण्याचा मोह आवरा.

वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकायच्या नाहीत, साफ करणाऱ्या पोराच्या हाताला लागतात. डबा मागितला तर देतात. नाही मिळाला तर जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली घरूनच न्या.

जहाजावरच्या दवाखान्यात तुमच्या ब्रँडचं इन्सुलिन असेलच असं धरू नका, आणि तिथली फी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासारखी नसते. म्हणून औषध लागतं त्याच्या दुप्पट न्या आणि दोन बॅगांत वाटा. एक तुमच्या, एक जोडीदाराच्या.

पोट ढवळलं तर

समुद्र लागतो. पहिल्यांदा जहाजावर बसलेल्याला जास्त. इन्सुलिन टोचलं, जेवायला बसलो, आणि दोन घासांत मळमळून उठलो, अशा वेळी साखर एकदम खाली येते. निघायच्या आधी डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: जेवण गेलं नाही तर डोस किती, उलटी झाली तर काय, समुद्र लागू नये म्हणून कोणती गोळी चालेल. मनाने इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा रुग्णाला ते फार धोक्याचं आहे. साखर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर, धडधड, दिसली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या, केबिनमध्ये नको. केबिन आणि डेक यांत चार मजले असतात.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी खाऱ्या दमट हवेत उघडी ठेवली तर रीडिंग चुकतं. एक पट्टी काढली की झाकण लगेच दाबून बंद.

किनाऱ्यावर उतरताना

गोव्यात किंवा कोचीत उतरून फिरायला जाताना दिवसभर लागेल तेवढंच औषध सोबत. एक पेन, चार सुया, ग्लुकोज. उरलेलं जहाजावर, म्हणजे पिशवी हरवली तरी सगळं जात नाही. बीचवर पेन वाळूत किंवा टॉवेलखाली ठेवू नका. ऊन थेट पडलं की टॉवेलखालीही तापतं. अंग तापलेलं असताना, उन्हात चालून आल्यावर, इन्सुलिन शरीरात लवकर भिनतं. म्हणून सावलीत थोडं बसून मग टोचा आणि त्यानंतर लगेच जेवा.

चाळीस आणि शंभर

हे वेगळं सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडच्या शीशा बहुधा ४० युनिटच्या, म्हणजे दर मिलीत ४० युनिट, त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या कार्ट्रिज १०० युनिटच्या, आणि १०० युनिटच्या शीशीची सिरिंज केशरी टोपीची. परदेशात जवळपास सगळीकडे १०० युनिटचंच मिळतं. औषध संपलं, फुटलं आणि जहाजावर किंवा दुसऱ्या बंदरात १०० युनिटची शीशी हातात आली, तर ती लाल टोपीच्या सिरिंजने भरायची नाही. तीच रेघ, पण अडीचपट औषध. शीशी बदलली की सिरिंज बदला, आणि खात्री नसेल तर जहाजावरच्या डॉक्टरांसमोरच भरा.

संशय आला तर

रेग्युलर, ग्लार्जिन, लिस्प्रो, अस्पार्ट ही पाण्यासारखी स्वच्छ असतात. त्यात ढगाळपणा, रंग किंवा कण दिसले तर टाकून द्या. एनपीएच आणि ३०/७० मुळातच दुधी असतात. ती दोन तळहातांमध्ये हळू लाटून एकसारखी करा, जोरात हलवू नका. लाटूनही गाठी राहिल्या, किंवा काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखा थर चिकटला, तर ती गेली.

पण बिघडलेलं प्रत्येक इन्सुलिन बिघडल्यासारखं दिसत नाही. उन्हाने कमजोर झालेलं तसंच स्वच्छ दिसतं. खाणं तेच, डोस तोच, आणि तरी दोन-तीन वेळा साखर चढलेली आली तर डोस वाढवत बसू नका. दुसऱ्या बॅगेतलं राखीव इन्सुलिन काढा आणि पुन्हा तपासा. साखर उतरली तर दोष पहिल्या शीशीचा होता.

हेही सांगून ठेवतो. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीच्या तापमानाप्रमाणे, २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होत, चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन तपासून त्याची ताकद टिकल्याचा अभ्यास जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे गाडी लेट झाली आणि डबा तासभर ३३ वर गेला तर घाबरून औषध फेकू नका. पण आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन ३७ वर थांबत नाही, आणि खोक्यावरची सूचना पाळायची हा नियम त्या अभ्यासाने बदललेला नाही.

परत आल्यावर

परतीच्या गाडीत लोक ढिले होतात, कारण सहल संपलेली असते. डबा तसाच भरा. मुंबईत पॅक गोठवायला मिळाले नाहीत तर गार पाण्याच्या बाटल्यांवर निभावून न्या. घरी आल्यावर जी सीलबंद शीशी सगळा वेळ २ ते ८ मध्ये राहिली, ती फ्रीजच्या मधल्या फळीवर जाते. जी बाहेर राहिली ती पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली म्हणून गेलेले दिवस परत मिळत नाहीत. ती बाहेर काढल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहा आणि नवी शीशी उघडायच्या आधी हीच वापरून संपवा. दिवस उलटून गेले असतील तर उरलेलं कितीही असलं तरी टाकून द्या. सुयांची भरलेली बाटली घरच्या उकिरड्यावर फेकू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या दवाखान्यात नेऊन द्या, त्यांच्याकडे सुयांचा कचरा वेगळा जातो.